झोपता तिथे डोक्यावर काय आहे? वाचकांचे प्रश्न, भूकंपाचे

मागच्या अंकात मी जाता जाता दोन ओळी लिहिल्या होत्या. कोयनेचा १९६७ चा भूकंप पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी झाला आणि किल्लारीचा १९९३ चा पहाटे चारला चार-पाच मिनिटं कमी असताना, म्हणजे महाराष्ट्रातल्या या दोन्ही भूकंपांनी माणसाला अंथरुणातच गाठलं, तर आज रात्री आडवं झाल्यावर एकदा वर बघा की आपल्या डोक्यावर नेमकं आहे काय. एवढंच. त्यावर इतके प्रश्न आले की यावेळचा सगळा कॉलम त्यातच जाणार, त्यामुळे गच्ची गळतीवाल्यांनी पुढच्या महिन्यापर्यंत बादली लावून ठेवावी. आधीच सांगते, मी सिव्हिल इंजिनिअर आहे, भूगर्भातली तज्ज्ञ नाही. किल्लारीनंतर दोनेक वर्षं लातूर-उस्मानाबादकडे घरदुरुस्तीच्या कामावर होते, तेवढी माझी शिदोरी. भूकंप कधी होणार हे मला विचारू नका, ते कोणालाच सांगता येत नाही. घराचं विचारा.

ताई, आमच्या भागात कितीतरी वर्षं जमिनीतून गूढ आवाज येतात, अधूनमधून भांडी वाजतात, २०२४ ला तर मार्चमध्ये आणि परत जुलैमध्ये चांगलाच धक्का बसला. गावात दोन पार्ट्या झाल्यात. एक म्हणते छोटे छोटे धक्के बसतायत ते बरंय, जमिनीतली ताकद निघून जाते. दुसरी म्हणते ही मोठ्याची चाहूल आहे. खरं कोणाचं? आमचं घर दगडमातीचं, वर पत्रे. – एक शेतकरी, वसमत, जि. हिंगोली

दोघांचंही अर्धवट, पण पहिल्या पार्टीचं जास्त चुकतंय. भूकंपाचं माप असं आहे की एक आकडा वर चढला की ताकद साधारण बत्तीस पट होते आणि दोन आकडे चढले की हजार पट. म्हणजे सहाच्या एका भूकंपात जेवढी ताकद असते तेवढी चारच्या धक्क्यांनी बाहेर काढायची तर चारचे हजार धक्के बसायला पाहिजेत. तुमच्याकडचे ते दोन्ही साडेचारच्या आसपासचे होते, तेव्हा कसली ताकद निघून जातेय, ती मनाची समजूत. आता दुसरी पार्टी. अशा बारक्या धक्क्यांच्या माळा बहुतेक वेळा नुसत्याच विरून जातात, मागून काही येत नाही. पण किल्लारीला आदल्याच वर्षी, १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, असेच धक्के येत होते हेही खरंय. म्हणून पारावर बसून कोण जिंकलं ते ठरत नाही, सोडून द्या.

आवाजात गूढ काही नाही हो. धक्का जमिनीच्या अगदी वरच्या थरात झाला तर त्याच्या पहिल्या लाटा जमिनीतून थेट हवेत शिरतात आणि आपल्याला गुडगुड नाहीतर सुरुंग उडाल्यासारखं ऐकू येतं, कधीकधी हललेलं कळतही नाही, नुसता आवाज.

तुमच्या पत्रात मला खरी भीती वाटली ती पत्र्याची. म्हणजे पत्र्याची नाही, पत्रा हलकाच असतो, त्याने कोण मरत नाही, भीती पत्र्यावरच्या दगडांची. वावटळीत पत्रा उडू नये म्हणून आपल्याकडे वर दगड ठेवतात, बरोबर? मी एका घरात बघितलं होतं, पत्र्यावर जुना पाटा ठेवलेला, चांगला वीस-बावीस किलोचा, आणि बरोब्बर त्याच्याखाली बाळंतिणीची बाज. २०२४ च्या मार्चमधल्या धक्क्यानंतर प्रशासनानेही तुमच्या भागात सांगितलं होतं की पत्र्यावरचे दगड उतरवा. ते कोणी ऐकलं आणि कोणी नाही हे गावात एक चक्कर मारली की दिसेल. दगड काढा आणि पत्रा खालच्या लोखंडी पाईपला किंवा लाकडी वाशाला इंग्रजी J आकाराचे हूक मारून आवळून घ्या, हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, अर्ध्या दिवसाचं काम आहे, आणि वावटळीलाही दगडापेक्षा हूकच पुरा पडतो. नंतर भिंतीचं बघा. ते खालच्या उत्तरात येतंय.

आजोबांचा माळवदाचा वाडा आहे. १९९३ ला आमच्या गावाला धक्का बसला, एक भिंत तडकली पण वाडा उभा राहिला. वडील म्हणतात एवढा भूकंप पचवला म्हणजे आता काही होत नाही. भाऊ म्हणतो पाडून स्लॅब टाकू. मला वाडा पाडवत नाही. काय करावं? – औसा

वडिलांना नमस्कार सांगा आणि हेही सांगा की एकदा मार खाल्लेली भिंत दुसऱ्या वेळी जास्त सोसत नाही, कमी सोसते. पण भावाचंही लगेच ऐकू नका. आधी वाडा समजून घ्या.

माळवदाच्या, म्हणजे वर मातीचं सपाट छत असलेल्या घराची भिंत अडीच-तीन फूट जाड असते, बघणाऱ्याला वाटतं किल्लाच आहे, पण ती एक भिंत नसते, दोन असतात. बाहेरून दगडांची एक रांग, आतून दुसरी, आणि मधल्या पोकळीत चिपा आणि माती भरलेली. दोन्ही रांगांना एकमेकींशी बांधणारा, भिंतीच्या या तोंडापासून त्या तोंडापर्यंत आरपार जाणारा लांब दगड पूर्वीचे चांगले गवंडी घालायचे, पुढे पुढे ते कोणी घालेना. जमीन हलली की मधली भर खाली बसते, दोन्ही रांगा फुगतात, एक अंगणात पडते आणि एक घरात. आणि मग वरचं येतं. वरचं म्हणजे काय, तर पावसाळ्याआधी गळती थांबवायला पांढरी माती टाकायची, आजोबांनी टाकली, वडिलांनी टाकली, जुनी कोणी काढली नाही, करता करता दीड-दोन फुटांचा थर होतो. दहा बाय दहाच्या खोलीवर दोन फूट माती म्हणजे आठ-नऊ टन, हिशोब करून बघा. १९९३ च्या त्या रात्री किल्लारीकडचे लोक गणपती विसर्जन करून दमून झोपले होते आणि हे असं सगळं त्यांच्या अंगावर आलं. जवळपास दहा हजार माणसं गेली, भूकंप होता ६.२ चा. तेवढाच भूकंप दुसरीकडे कुठे, हलक्या घरांच्या गावात झाला असता तर इतकी माणसं गेली नसती, हे मी तिथे रोज बघत होते.

आणि त्याच गावांत एक गोष्ट दिसायची. जिथे माळवद भिंतीवर टेकलेलं नव्हतं, लाकडी खांबांवर आणि तुळयांवर होतं, खणाचं घर म्हणतात ते, तिथे भिंती ढासळल्या पण छत खांबांवर तसंच उभं, खाली पाळणा सुद्धा जागच्या जागी. तुमचा वाडा उभा राहिला तो बहुतेक त्यामुळेच. तेव्हा आधी खांब मोजा, त्यांची बुडं वाळवीने खाल्लीत का ते चाकूचं टोक खुपसून बघा.

मग काम. पहिलं म्हणजे माती उतरवा, आठ इंचांपर्यंत आणा, मध्ये जाड प्लास्टिक कागद अंथरा म्हणजे परत माती टाकायची वेळच यायला नको. दुसरं, खांब आणि तुळई जिथे भेटतात तिथे तिरके लाकडी टेके मारून घ्या, म्हणजे चौकट कलंडत नाही. तिसरं, भिंतीला आरपार बांधणी, दर तीन-चार फुटांवर एक. एक दगड सळईने हलवत हलवत सोडवायचा, हातोडा मारायचा नाही, मधली भर थोडी काढून पलीकडच्या तोंडापर्यंत भोक न्यायचं, त्यात दोन्ही टोकांना हूक असलेली सळई ठेवायची आणि काँक्रीट भरायचं, आठ-दहा दिवस पाणी मारायचं. आमच्या साईटवरचे एक म्हातारे गवंडी मला म्हणाले होते, मॅडम, भिंतीला भोकं पाडून भिंत बळकट करणारी माणसं मी आयुष्यात पहिल्यांदा बघतोय. दोन दिवसांनी तेच पोरांना ओरडत होते, हातोडा नको रे, हातोडा नको. चौथं, दरवाज्या-खिडक्यांच्या वर सगळ्या घराला फिरणारा पट्टा, वेल्डमेशची जाळी आतून-बाहेरून लावून त्यावर सिमेंटचा गिलावा, पेटीला पट्टा आवळतो तसा. जिथे भिंतीला पोट सुटलंय तिथे मात्र हे काही कामाचं नाही, तेवढा भाग उतरवून नव्याने बांधा.

भूकंपानंतर ५२ गावं पूर्ण हलवली, बाकीच्या ठिकाणी दुरुस्तीला मदत दिली. तेव्हा कितीतरी जणांनी त्या पैशात अंगणात एक नवीन खोली बांधली आणि जुना वाडा तसाच ठेवला, मग नव्या खोलीत टीव्ही आणि पाहुणे, आणि म्हातारी माणसं जुन्यातच, गार लागतं म्हणून. तुमच्याकडे असं होऊ देऊ नका.

अकराव्या मजल्यावर राहतो. सासूबाई ७८ वर्षांच्या, वॉकर घेऊन चालतात. आमचे हे म्हणतात भूकंप झाला की आईला उचलून जिन्याने खाली पळायचं. मला काही हे पटत नाही. – सिंहगड रोड, पुणे

तुमचं बरोबर आहे, यांना हा परिच्छेद वाचायला द्या. जोरात हलतं ते बहुतेक वेळा अर्धा मिनिट, एक मिनिट. तेवढ्यात अकरा मजले कोणीही उतरत नाही, आईंना उचलून तर नाहीच, आणि हलत असताना सगळ्यात वाईट जागा म्हणजे जिना, वरून माणसं लोटतात, कडेचे तुकडे पडतात. लिफ्ट तर विसराच. काँक्रीटच्या फ्लॅटमध्ये असाल तर जिथे आहात तिथेच खाली बसायचं, टेबलाखाली शिरून टेबलाचा पाय धरून ठेवायचा, टेबल नसेल तर आतल्या भिंतीशी, डोकं-मान हातांनी झाकून. खिडकीपासून लांब. सासूबाई पलंगावर असतील तर त्यांना उठवूच नका, कुशीवर वळून उशी डोक्यावर घट्ट धरायची, बास. खुर्चीत असतील तर पुढे वाकून डोकं मांडीकडे न्यायचं. थांबल्यावर मग चपला घालून (काचा असतात), गॅस बंद करून, मेन स्विच पाडून, सावकाश जिन्याने.

हे उत्तर सगळ्यांना लागू नाही बरं का. वर औश्याच्या वाड्यात राहणाऱ्याला मी उलटं सांगेन, जड माळवदाखाली तळमजल्यावर असाल, दार चार पावलांवर असेल आणि बाहेर मोकळं अंगण असेल तर बाहेर पडा. टीव्हीवर सगळ्यांना एकच चित्र दाखवतात, टेबलाखाली बसलेलं कुटुंब, म्हणून सांगितलं.

आता खरी गोष्ट. सासूबाईंच्या पलंगाच्या डोक्याशी काय आहे ते तुम्ही लिहिलंयत, लोखंडी कपाट आणि कपाटावर दोन सुटकेस आणि पुरणयंत्राचा बॉक्स. ताई! उद्या सकाळी त्या सुटकेस उतरवा. सुताराला बोलावून कपाटाच्या वरच्या बाजूला दोन एल अँगल मारून ते भिंतीला धरून ठेवा, दोन-तीनशे रुपयांचं काम. डोक्यावरची सासऱ्यांची मोठी फ्रेम समोरच्या भिंतीवर न्या, त्यांनाही तिथून सगळं घर दिसेल. देव्हाऱ्यातली समई रात्री शांत करूनच झोपा. आणि आईंचा वॉकर, चष्मा, कवळी, गोळ्या हाताशी राहतील असं काहीतरी पलंगाला बांधा, माझ्या मावशीकडे कापडी पिशवी बांधलेली आहे, छान चालतं.

नाशिकला बंगला बांधतोय. इंजिनिअरने भूकंपाच्या हिशोबाने स्टील दिलंय, कॉन्ट्रॅक्टर म्हणतो एवढं कशाला, आपला भाग सेफ झोनमध्ये आहे.

१९९३ च्या आधी किल्लारी झोन एकमध्ये होती, म्हणजे सरकारी नकाशावर सगळ्यात सुरक्षित. तो झोनच पुढे २००२ च्या नकाशातून काढून टाकला. त्या २००२ च्या नकाशात नाशिक झोन तीनमध्ये आहे, मुंबई-पुणेही. कॉन्ट्रॅक्टरला एवढं सांगून बघा.

पण स्टील किती यापेक्षा ते वाकवलंय कसं हे तुम्ही स्वतः जाऊन बघा, यात इंजिनिअर असायची गरज नाही. कॉलमच्या उभ्या सळयांभोवती चौकोनी रिंगा असतात. प्रत्येक रिंगेची दोन टोकं एका कोपऱ्यात येतात. ती टोकं काटकोनात नुसती भिंतीला टेकल्यासारखी असतील तर काम कच्चं. ती कोपऱ्यावरून आत, कॉलमच्या पोटाकडे वळलेली पाहिजेत, १३५ अंशात, बकरीचे कान मागे वळतात तशी, आणि वळल्यावर पुढे दोन-तीन इंच तरी टोक पाहिजे. का, तर भूकंपात वरचं काँक्रीट आधी उडतं, काटकोनातली रिंग तेव्हा उघडते आणि उभ्या सळया बाहेरच्या बाजूला फाकतात. आत वळलेली रिंग उघडायला जागाच नसते. फिटर लोकांना हे येत नाही असं नाही, वेळ जास्त लागतो आणि आत वळवलेल्या रिंगा सळयांत घालायला त्रास होतो, म्हणून करत नाहीत. दुसरं, कॉलमच्या खालच्या आणि वरच्या टोकाशी, म्हणजे बीमजवळ, रिंगा जवळ जवळ पाहिजेत, मध्ये लांब चालतात. काँक्रीट ओतायच्या आदल्या संध्याकाळी जा, मोबाईलवर फोटो काढा, चुकलं असेल तर ओतू देऊ नका. एकदा ओतलं की संपलं, मग कोणाला काही दिसत नाही.

आमची सात मजली सोसायटी, खाली पूर्ण पार्किंग, १९९८ ची. दोन वर्षांपूर्वी स्ट्रक्चरल ऑडिट झालं, ओके आलं. म्हणजे भूकंपालाही ओके ना? – सेक्रेटरी, डोंबिवली

नाही. ऑडिटवाल्याने खोटं सांगितलं असं नाही म्हणत मी, त्याला तुम्ही जे विचारलंत त्याचं उत्तर त्याने दिलं. नेहमीच्या ऑडिटमध्ये हातोडीसारखं यंत्र मारून काँक्रीटचा टणकपणा बघतात, एखादा गाभा कापून दाबून बघतात, सळया गंजल्यात का बघतात. इमारत आहे तशी, स्वतःचं वजन घेऊन उभी राहील का, एवढाच तो प्रश्न असतो. आडवी हलली तर काय, हा वेगळा हिशोब, तो वेगळा मागावा लागतो आणि त्याचे पैसेही वेगळे.

आणि तुमचा तर पार्किंगचा मुद्दा आहे. वर सहा मजले भिंतींनी भरलेले, घट्ट, आणि तळाला नुसते कॉलम, म्हणजे सगळी इमारत उंच काठ्यांवर उभी. हलते तेव्हा वरचा भाग एकसंध ठोकळ्यासारखा सरकतो आणि सगळा पीळ त्या काठ्यांच्या टोकांना बसतो. २००१ च्या २६ जानेवारीला कच्छमध्ये भूकंप झाला आणि दोनशेहून जास्त किलोमीटर लांब अहमदाबादला कितीतरी बहुमजली इमारती पडल्या, त्यात अशा खाली मोकळ्या असलेल्या खूप होत्या. (तो सकाळी पावणेनऊला झाला, माझा अंथरुणाचा नियम तिथे चालला नाही.) उपाय आहे. काही ठराविक ठिकाणी कॉलमच्या मध्ये काँक्रीटच्या भिंती घालतात, कॉलम जाड करतात, दोन-चार गाड्यांची जागा जाते आणि तिथेच जनरल बॉडीत भांडण होतं, ते मी बघितलंय, एका सोसायटीत अख्खी दुरुस्ती एका माणसाच्या कव्हर्ड पार्किंगवर अडली. इमारत पंधरा वर्षांच्या वरची झाली की पाच वर्षांनी एकदा आणि तीस वर्षांच्या वर गेली की तीन वर्षांनी एकदा ऑडिट, असं बायलॉजमध्येच आहे. तुमची तिशी जवळ आलीय, तेव्हा पुढचं ऑडिट देताना कामाच्या पत्रातच भूकंपाची तपासणी असं लिहून घ्या.

विम्याचंही विचारलंयत. भारत गृह रक्षा नावाची जी स्टँडर्ड घरविमा पॉलिसी सगळ्या जनरल इन्शुरन्स कंपन्यांकडे असते त्यात भूकंप धरलेला असतो. फक्त रक्कम लिहिताना फ्लॅटचा बाजारभाव लिहू नका, जागेची किंमत त्यात येत नाही, परत बांधायचा खर्च धरतात.

माझा जन्मच हादऱ्यातला. आमच्याकडे धक्का बसला की कोणी उठतही नाही, कूस बदलतात. पुण्याची सून मात्र घाबरते आणि नातवाला घेऊन यायला तयार नाही. धरणाचंही ती विचारते. तिला काय सांगू? – एक आजी, पाटण

आजी, सुनेची भीती जरा जास्त आहे आणि तुमची जरा कमी, दोघींनी अर्धी अर्धी वाटून घ्या. कोयनेचं तिला असं सांगा. शिवाजीसागरात, म्हणजे कोयना धरणाच्या तलावात, पाणी भरायला लागल्यावर तिथे धक्के सुरू झाले. पाण्याच्या वजनापेक्षा ते खडकाच्या भेगांमध्ये मुरतं आणि आतून दाब देतं हे महत्त्वाचं, मग आधीच ताणलेली भेग घसरते. भेगेतला ताण पाण्याने आणलेला नाही, तो होताच, पाण्याने चिमटा काढला. १९६७ चा ६.३ च्या आसपासचा होता, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, कोयनानगर पडलं, धरणालाही तडे गेले. पण धरण उभं राहिलं आणि नंतर त्याला मागून भर देऊन मजबूत केलं. १९६७ नंतरही पाचच्या वरचे बरेच धक्के येऊन गेलेत. आता तर शास्त्रज्ञांनी गोठणे गावाला तीन किलोमीटर खोल भोक पाडून भेगेजवळ काय चाललंय ते बघायला सुरुवात केलीय, कराडला त्यांची प्रयोगशाळा आहे. धरणावर लक्ष ठेवायला माणसं आहेत. तुमच्या माळ्यावर लक्ष ठेवायला कोणी नाही.

माळ्यावर काय काय आहे आजी? पितळी हंडे, लग्नातली लोखंडी ट्रंक, वर उतरंड? नातू जिथे झोपणार त्याच्या वर नको एवढं बघा आणि तसा फोटो सुनेला पाठवा. येईल ती.

नवऱ्याच्या नोकरीमुळे जपानमध्ये कावासाकीला असतो. पुढच्या महिन्यात आईबाबा तीन महिन्यांसाठी येतायत, जपानी येत नाही, इंग्लिश थोडं, शाकाहारी. आम्ही दोघं ऑफिसला असताना काही झालं तर?

तुमच्याकडे शिकण्यासारखं इतकं आहे की मीच तुम्हाला विचारायला हवं. आधी तुमच्या भाड्याच्या घराच्या कागदावर बांधकामाचं साल बघा, जून १९८१ नंतरच्या नियमांनी बांधलेलं असेल तर निम्मी काळजी गेली. मग आईबाबांना फोनवर येणारा तो कर्कश इशारा आधी ऐकवून ठेवा, नाहीतर ते फोन शोधत बसतील. फोन 'जिशिन' म्हणाला म्हणजे भूकंप, तो वाजल्यावर कधी काही सेकंद मिळतात, कधी तेवढेही नाही, तेवढ्यात टेबलाखाली. 'त्सुनामी' ऐकलं तर सामान न घेता उंचावर. 'हिनानजो' म्हणजे आसऱ्याची जागा, बहुतेक जवळची शाळाच असते, तिथपर्यंत त्यांना दोनदा चालवून आणा, एकदा तुम्ही पुढे, एकदा ते पुढे. एका कागदावर तुमचं नाव-पत्ता-फोन जपानीत लिहून बाबांच्या खिशात ठेवा. फोन लागत नाहीत तेव्हा १७१ वर निरोप ठेवता येतो, दर महिन्याच्या १ आणि १५ तारखेला त्याची सराव म्हणून परीक्षा घेता येते, ती घ्या. आणि घर सोडताना वीज मेनपासून बंद, कारण गेलेली वीज परत येते तेव्हा पडलेल्या हिटरने आगी लागतात, १९९५ च्या कोबेच्या भूकंपात तसं झालं होतं.

जेवणाचं सोपं आहे. तिथे पाकिटातला अल्फा राईस मिळतो ना, गरम पाणी घातलं की पंधरा मिनिटांत आणि गार पाण्यात तासाभरात भात तयार. पाकिटावर आत मासे-बिसे काही नाही ना बघून साधा पांढरा घ्या आणि आईंना येताना मेतकूट आणायला सांगा. गार पाण्यातला भात आणि मेतकूट, वर लोणचं, तीन दिवस काय आठवडा निघेल. पाणी माणशी दिवसाला तीन लिटर धरून ठेवा, आणि ते पिशवीतलं टॉयलेट मिळतं तेही, त्याची आईंना आधी लाज वाटेल, नंतर वाटणार नाही.

बारीकसारीक

नासाने आज रात्री बाराला भूकंप सांगितलाय असा मेसेज तिघांनी पाठवलाय. नासा असं सांगत नाही, कोणीच सांगत नाही. फॉरवर्ड करू नका, बाहेर थंडीत म्हातारी माणसं बसतात.

कुत्रं आधी भुंकतं का? काही सेकंद आधी, हो, पहिली बारीक लाट त्याला कळते. काल रात्री भुंकलं त्याचा काही संबंध नाही, मांजर असेल.

पिशवीत काय ठेवावं असं नऊ जणांनी विचारलंय. पाणी, टॉर्च, शिट्टी, रोजच्या गोळ्या, चष्मा, कागदपत्रांच्या झेरॉक्स, थोडी रोख, आणि पिशवी दाराजवळ. शिट्टी विसरू नका, ढिगाऱ्याखाली ओरडून घसा जातो आणि तोंडात धूळ जाते, शिट्टीला श्वास कमी लागतो. मदतीला ११२, जिल्ह्याच्या कंट्रोल रूमला १०७७.

आमच्या शाळेत भूकंपाच्या वेळी बेंचखाली बसायला शिकवलं. आमच्या घरी बेंच नाही, टेबल पण नाही. मी कुठे बसू? – इयत्ता पाचवी, तलासरी

किती नीट विचारलंस तू, मोठ्यांनी कोणी हे विचारलं नाही. तुमच्याकडे २०१८ च्या नोव्हेंबरपासून धक्के बसतायत म्हणजे तू अगदी लहान असल्यापासून हे बघत असशील. तुझं घर कुडाचं आहे का, कारवीला शेण-माती लिंपलेलं? तसं असेल तर ते हलकं असतं, हलतं पण एकदम कोसळत नाही. त्यात भीती कौलांची. कौलं घसरतात ती खाली वळचणीला पडतात, म्हणून वळचणीखाली कधी थांबायचं नाही. दिवसा दाराजवळ असशील तर बाहेर पड, पण चालत, आणि वळचण ओलांडून अंगणात जिथे वर फक्त आभाळ दिसतं तिथे जाऊन बस. २०१९ ला तुमच्याच भागात पळापळीत एक दोन वर्षांची मुलगी पडली आणि गेली, म्हणून पळायचं नाही, धाकट्या भावंडाला उचलून पळायचं तर अजिबात नाही, हात धरून न्यायचं. रात्री आत असशील तर उठून धडपडू नको, गोधडी चौघडी करून डोक्यावर घे आणि भिंतीपासून लांब, घराच्या मधोमध बस. आणि बाबांना सांग की ज्या भिंतीला विटा आहेत त्या भिंतीकडे डोकं करून कोणी झोपायचं नाही, पाय करून झोपायचं.